चोच

हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवलेलं कापड
पिवळट दिसतं, तापातून उठलेल्या माणसासारखं.
त्यावर आप्पा ठसा टेकवायचे, डोळा बारीक करायचे
आणि मुठीच्या बुडानं हाणायचे. ठक्.
गंगावेशीत दुधाला उभ्या म्हशीसुद्धा
त्या आवाजाला कान हलवत नसत.

काळा रंग घरचा.
टांगेवाल्यांकडचे झिजलेले नाल,
शाहूपुरीतल्या अडत्याकडचा पाघळलेला गूळ,
माठात पंधरा दिवस कुजत ठेवायचं.
वास असा, की पाहुणे उंबऱ्यावरच पाणी पिऊन परतायचे.
तांबडा तुरटीवर चढायचा,
नदी गढूळ असली की रुसायचा.
हिरवा आमच्या हाताला कधी टिकलाच नाही,
म्हणून आमचे पोपट तांबडे.

काठाच्या ठशावर पाच पोपट, एकामागे एक.
तिसऱ्याला चोच नव्हती.
कधी तुटली? आप्पा म्हणत, माझ्या आधी.
आत्या म्हणे, तुझ्या बापानंच पाडला, सांगत नाही.
दर वितीला एक मुका पोपट
नवरात्राच्या लुगड्यांवरून, परकरांवरून, कुंच्यांवरून
निम्म्या करवीर तालुक्यात पोचला होता.

त्या वर्षी नवरात्राला महिना होता
आणि आप्पांच्या मनानं घेतलं, आता पुरे.
दस्तगीर मिस्त्रीनं शिसवीत नवा ठसा कोरला,
पाचही पोपट चोचीचे, वर पंखांना रेघा जास्तीच्या.
जुना त्याच आठवड्यात
ढलप्यांबरोबर बंबात गेला.
कुणी घातला ते विचारू नका. पाणी मात्र कढत निघालं.

हौसाक्का चौगुले वडणग्याहून पूल ओलांडून आली.
घडी उलगडली, काठावरून अंगठा फिरवला,
तिसऱ्यापाशी थांबली.
"ह्यो आमचा पोपट न्हवं."
आप्पा हसून म्हणाले, नवीन चोच बसवलीय, आक्का.
"तुमाला कुणी सांगितलं हुतं?
माझ्या लग्नातल्या लुगड्यावर त्यो हाय,
थोरलीच्या अंगावर हाय.
धाकटीला काय परका पक्षी नेसवू?"
घडी नीट घातली, गादीवर ठेवली,
आणि विसार मागितला नाही, हे जास्त लागलं.

मग आणखी दोघी. मग कसबा बावड्याचा एकजण,
तो तर नुसता दारातून बघून गेला.

रात्री आईनं शेजारच्या चप्पलवाल्याची रापी मागून आणली.
कंदील खाली ओढला.
ठसा मांडीवर पालथा घेतला, तोंडात पदराचं टोक,
आणि तिसऱ्याची चोच
नख काढावं तशी काढली.
लाकडाचा तो कण उचलून
कुंकवाच्या करंड्यात टाकला. का, ते तिलाच ठाऊक.

सकाळी आप्पांनी ठसा हातात घेतला.
वजन केल्यासारखा वरखाली केला.
जुन्या वर्तमानपत्रावर एकदा उठवून बघितला,
भावांच्या रकान्यावर, गुळाच्या दरावर.
काही बोलले नाहीत.
"तबकात रंग घाल," एवढंच मला.
मिस्त्री दसऱ्यापर्यंत आमच्याकडं चहाला आला नाही.

दसऱ्याला संध्याकाळी मैदानावर
सोनं लुटायला अशी झुंबड,
की आपट्याची पानं आधी चुरगळली, मग वाटली गेली.
मी आईचं बोट सोडून खाली बसले.
खालून बघितलं तर सगळीकडं काठच काठ,
धुळीत चालणारे तांबडे पोपट,
चार बोलके, एक मुका, चार बोलके, एक मुका.
हौसाक्काची धाकटी ओळखली मी, तोंड न बघता.

माझा परकर मात्र
परत आलेल्या कापडाचा शिवला होता.
वाया कशाला घालवायचं, आई म्हणाली होती.
घेरावर मोजले, अकरा ठिकाणी
तिसऱ्याला चोच.
मी त्यावर पाय दुमडून बसले,
कुणाला दिसू नये म्हणून.
मग एकाला हळूच
पान भरवलं.