हात न लावता

रुमोईच्या बंदरात तुमची होडी तशीच बांधलेली आहे.
ओकुमुराचा मुलगा दोनदा येऊन गेला,
इंजिन अजून चांगलं आहे म्हणाला, रोख देतो म्हणाला.
मी म्हटलं, विकता येत नाही.
का, ते सांगितलं नाही.

पत्र आलं सत्ताविसाव्या दिवशी.
आधी वाटलं, कुणीतरी उशिरा दुखवटा कळवतंय.
एक कोटी अठरा लाख येन.
ओनुमाच्या मासळी सुकवायच्या कारखान्याला
तुम्ही जामीन राहिलात,
सतरा वर्षांपूर्वी, सहा नोव्हेंबरला.
त्या रात्री आपण काय जेवलो होतो?
तुम्ही आलात, बूट काढलेत, "आलो" म्हणालात,
खिशात शिक्का,
त्याची लाल शाई कदाचित अजून ओली.

कायद्याचे कागद करून देणारे हिरायामा
चष्मा पुसत समजावतात:
नवरा असेतो त्याचं कर्ज त्याचं.
बायकोच्या अंगाला लागतं ते फक्त घरखर्चाचं,
तांदूळ, रॉकेल, मुलाची फी.
तो गेला की वारसांची पाळी.
म्हणजे एकेचाळीस वर्षं संसार केला
तेव्हा जे माझं नव्हतं
ते तुम्ही नसताना माझं झालं.
तेव्हाच मिळालं असतं
तर निदान भांडले तरी असते.

उपाय आहे, म्हणाले. नाकारा.
कौटुंबिक न्यायालयात, तीन महिन्यांच्या आत.
पण नाकारायचं तर सगळंच.
होडी, बँकेतले पैसे, तुमच्या नावावरचा
शेडमागचा जमिनीचा तुकडा.
मधल्या काळात काही विकू नका, खर्चू नका,
हात लावू नका.

मी घरी आले आणि हात लावला नाही.
कोट झटकताना खिशातून पाचशेचं नाणं पडलं,
ते उचलून
परत त्याच खिशात ठेवलं.
कुणी पाहत नव्हतं.
असं वागले जणू तुमच्याच घरात
मी पाहुणी, आणि यजमान बाहेर गेलेत.

न्यायालयातून प्रश्न आले टपालानं.
हे तुम्ही स्वतःच्या इच्छेनं करता आहात का?
मृत्यू कधी कळला?
(माझ्या मांडीवर डोकं होतं. तरी तारीख लिहिली.)
नाकारण्याचं कारण?
कारणांची यादी छापलेलीच होती,
मी "कर्ज जास्त" वर गोल केला.
"रागावले आहे" असा पर्याय नव्हता.

योशिताकानंही सही केली, सप्पोरोहून.
मग हिरायामा म्हणाले, आता पुढचा वारस.
तुमचे आईवडील नाहीत, म्हणजे बहीण.
कळवायलाच हवं असं कायदा म्हणत नाही.
कायदा पुष्कळ गोष्टी म्हणत नाही.

मासुएताईंना फोन करायला मला चार दिवस लागले.
चौऱ्याहत्तर वर्षांच्या, ओतारूत एकट्या,
गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.
मी म्हटलं, ताई, मी सोडलं,
म्हणून आता ते तुमच्याकडे येतंय.
पलीकडे किटली शिट्टी देत होती,
ती त्यांनी आधी बंद केली.
मग म्हणाल्या,
"लहानपणी माझ्या पेन्सिली उसन्या न्यायचा.
एकही परत आली नाही.
फॉर्म कुठे मिळतो?"

आम्ही हसलो.
मी जरा जास्तच वेळ.

काल न्यायालयाचा कागद आला: स्वीकारलं.
म्हणजे मी नाकारलं, ते त्यांनी स्वीकारलं.
पानभर मजकूर, खाली चौकोनी शिक्का,
तुमच्यापेक्षा नीट उमटलेला.
त्या कागदाप्रमाणे
आता माझं तुमच्याशी काही देणंघेणं नाही.

खुंटीवरचा कोट कायद्यानं माझा नाही.
रात्री उणे नऊपर्यंत जातं.
मी तो काढून पांघरत नाही,
त्यातलं नाणंही तिथेच आहे.
फक्त माझा कोट हल्ली
दाराजवळ न टांगता
त्याच खुंटीवर टांगते,
बाह्या एकमेकींना लागतील इतका जवळ.
कोटानं कोटाला हात लावला तर
काय धरतात,
ते मी हिरायामांना विचारलेलं नाही.