हरवलेल्यांचा तंबू

मात्सिएंगच्या धावपट्टीशेजारी, काटेरी बाभळीच्या सावलीत
माझा तंबू. आत एक माइक, पाण्याचे दोन कॅन,
पोरांच्या सहा खुर्च्या, आणि दुपारपर्यंत जमलेली
चार मुलं, एक चष्मा, एका आजोबांची काठी.
गाबोरोनच्या शाळेत मी गणित शिकवते.
इथे वर्षातून एकदा हरवलेल्यांची बेरीज.

तीनच्या सुमाराला ते राखाडी मालवाहू विमान
इतकं खाली आलं की कणसांच्या शेगडीवरली राख उडाली.
मग एका पंखावर कलंडलं,
झोपलेलं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं तसं,
आणि गेलं.
लोक टाळ्या वाजवायला विसरले.
एक मुलगी (लेसेडी, हे नंतर कळलं),
सकाळपासून तोंडाला कुलूप,
ती म्हणाली, "परत."

अर्ध्या तासाने कनात सरकली.
हिरवा ओव्हरऑल, बुटांवर लाल धूळ,
छातीवर पट्टी: कॅप्टन गोराता मोइल्वा.
मी उगाच केस सावरले. वही पुढे केली, सहीसाठी.
तिने वही घेतली, पण उघडलीच नाही.
"म्मा," ती म्हणाली, "माझी आई हरवलीय.
हल्ली विसरते ती. भावाने हात सोडला,
थंड पेय घेण्यापुरता."

नियमाप्रमाणे विचारलं. वय? उंची? अंगावर काय?
पहिली दोन उत्तरं चटकन आली.
तिसऱ्याला ती थांबली.

टाकीत किती इंधन उरलंय ते तिला माहीत होतं,
वारा कुठून, किती, तेही.
"पहाटे चारला निघाले, ती झोपली होती.
वरून शोधलं मी तिला. वरून सगळ्या शाली सारख्याच."
आणि ती पोरांच्या खुर्चीत बसली, गुडघे हनुवटीपाशी.

लेसेडीने तिला नीट न्याहाळलं.
"तू पण हरवलीस?"
"नाही गं. माझी आई हरवली."
"आई नसते हरवत. आपण हरवतो."

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी माइककडे.

"लक्ष द्या. एक मुलगी सापडली आहे.
नाव गोराता. वय चौतीस. कपडे हिरवे.
रडत नाहीये. पाणी प्यायली आहे.
तिच्या आईने येऊन तिला घेऊन जावं."

अख्खं मैदान हसलं. मांस कुटणाऱ्या बायांचे
मुसळ हवेत थांबले.
गोराता नाही हसली. तिचा अंगठा
मांडीवरचं कुठलं तरी बटण दाबत राहिला,
जे तिथे नव्हतं.

म्हातारी आली ती धावपट्टीच्या बाजूने,
एका तरण्या सैनिकाला मागे लोंबकळवत.
"विमान उतरल्यापासून पंखाखाली बसल्यात," तो घामाघूम,
"कुणाला फिरकू देईनात. म्हणतात, लेकीचं जनावर आहे,
पाणी पाजल्याशिवाय हात लावायचा नाही."

शाल मोहरीच्या रंगाची होती.
गोराता ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"शंभरदा सांगितलं," म्हातारी कडाडली,
"गर्दीत माझा हात सोडायचा नाही!"
"चुकलं, आई."

मूल नेणाऱ्याने सही करायची, हा नियम.
नावाच्या रकान्यात म्हातारी अडली.
पेन कागदावर, डोळे कुठेतरी लांब.
मी सांगणार होते; गोराताने मान हलवली, नको.
उतरायची परवानगी मिळेपर्यंत
वर घिरट्या घालतात, तशी ती थांबली.
मग वाकडीतिकडी अक्षरं आली: म्मागोराता.
गोराताची आई.
आमच्याकडे बायकांना लेकराच्याच नावाने हाक मारतात,
तेव्हा नियमात बसलं.

कॅप्टनची सही राहूनच गेली.

लेसेडीचा बाप पाचला आला.
निघताना तिने दोन्ही हात पसरले,
एका अंगावर कलंडली,
आणि आजोबांच्या काठीला अडखळून पडली.
रडली नाही. म्हणाली, "परत."