फुगे

जर्नलचं डावं पान कोरं असतं, आकृतीसाठी.
तिथे हृदयाचा उभा छेद हवा होता.
निघाल्या त्या चौकटी. पानाला चार, पट्टी न वापरता.
पहिलीत इम्रान तांबोळी
बाकावर चढून ओरडतोय: प्रॉम!
उद्गारचिन्ह त्याच्यापेक्षा उंच.

सत्त्याण्णव साल, दहावी ब, सहकारनगर.
केतकी दामलेच्या मावसबहिणीचा फोटो आला होता न्यू जर्सीहून,
शेजारी काळ्या कोटातला मुलगा, कोटाला फूल.
आणि आम्ही, ज्यांनी तीन वर्षांत
मुलींकडे साधं खोडरबर मागितलं नव्हतं,
समिती नेमली.

मी बैठकीत बोलत नसे.
बैठकीनंतर, विज्ञानाच्या तासाला,
इतिवृत्त काढायचो.

कुंटेबाई: चष्मा, अंबाडा, डोक्यावर काळा ढग.
फुग्यात: "निरोप समारंभ म्हणा. नाच नाही.
मुली डावीकडे. बटाटेवडे प्रत्येकी दोन."
हे त्या खरंच म्हणाल्या होत्या.
ढग तेवढा माझा.

मग बोहरी आळी. मी आणि इम्रान एका सायकलवर,
त्याच्या गळ्यात रंगीत कागदाची गुंडाळी.
फुगे शेकड्यावर मिळतात हे आम्हाला तिथे कळलं.
दुकानदार विचारतोय, "लग्न कोणाचं?"
उत्तराच्या फुग्यात मी नुसते घामाचे थेंब काढलेत.

जर्नल बाकांखालून वर्गभर फिरायचं.
परत येईस्तोवर कडेला शेरे पडलेले:
माझं नाक एवढं नाही. के. दा.
नाच पाहिजेच. खाली अकरा सह्या,
त्यातल्या दोन माझ्याच, वेगळ्या अक्षरात.

म्हणून चित्रात नाच झाला.
शाळेच्या गच्चीवर, पर्वतीला दिव्यांची माळ गुंडाळून.
भूमितीचे घारपुरे सर एका पायावर गिरकी घेतायत,
त्यांचं वर्तुळ अचूक. त्रिज्यासुद्धा लिहिलीय.
इम्रान कोणाबरोबर नाचतोय ते खोडलंय,
पण उजेडात धरलं तर दिसतं.

तेरावं पान मी पटकन उलटतो.

वर्गणी पस्तीस रुपये.
न दिलेल्यांची रांग, खिसे बाहेर लोंबणारे,
एकाच्या खिशातून झुरळ निघतंय, त्याच्या हातात वाटी.
शेवटी दोन वेण्या, वर बांधलेल्या, रिबिनी.
नाव लिहायची गरज नव्हती.
वर्ग हसला. प्रमिला शेडगेही हसली,
निदान मान तरी हलली तिची.
तिच्या डोक्यावर मी फुगा काढला
आणि कोरा ठेवला.
सुचलं नसेल. किंवा घंटा झाली असेल.

समारंभ व्हायचा तसा झाला.
वडे गार. केतकी आईच्या साडीत, पिन टोचत असलेली.
टेपमध्ये कॅसेट गुंतली, ती पेन्सिलीनं गुंडाळत
इम्राननं पाऊण तास काढला.
उन्हानं फुगे एकेक करून फुटत होते
आणि दर वेळी कुंटेबाई भाषणात थांबून
आमच्याकडेच बघत होत्या.
त्रेचाळीस जणांच्या वर्गाच्या फोटोत बेचाळीस डोकी.
तेव्हा मोजली नाहीत.

गेल्या वर्षी धनकवडीच्या बँकेत
मागून कुणीतरी माझं आडनाव उच्चारलं, शाळेत उच्चारायचे तसं.
केस कापलेले, हातात हेल्मेट, टोकन सेहेचाळीस.
माझ्याकडे एक वाक्य होतं, बरंच जुनं.
ते सापडेपर्यंत तीच म्हणाली,
"वेण्या छान काढायचास तू."
मग सेहेचाळीस नंबर पुकारला.

काल पेन्सिलीला टोक करून बसलो.
तेरावं पान. फुगा तसाच,
कागद पिवळा पडलाय, त्याच्या आतला जरा कमी,
की मलाच तसं वाटतंय.
काय लिहिणार होतो? माझं वाक्य तिच्या तोंडी?
खाली लाल शाईत विज्ञानाच्या बाईंचा शेरा आहे,
त्यांनी बहुधा न बघताच मारलेला, सगळ्या पानांवर असतो तसा:
आकृती अपूर्ण. नावे दिलेली नाहीत.
पुन्हा काढून दाखवणे.