सतरा किलो

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला,
म्हणाल्या, विशेष काही नाही.
ते 'विशेष काही नाही' घेऊन मी
वालपाराइसोचा उतार उतरले,
एकेक पायरी, कठड्याला धरून,
अडतिसाव्या वर्षी
शेजारच्या एदेल्मिराबाईंच्या मागे,
त्यांच्या काठीच्याही मागे.

चौदा महिने झाले होते.
ट्रॉलीबसच्या सीटवर आठ तास,
माकडहाडाच्या वर कुणीतरी
ओलं फडकं पिळतंय आणि सोडत नाही.
वळणावर तारेचा दांडा निसटला की
उतरायचं, मागे जायचं, दोर ओढायचा
मान उलटी करून, आभाळाकडे बघत,
आणि आत माणसं घड्याळाकडे बघत.
एकदा दांडा लागेना
आणि मीही सरळ होईना.
दांडा एका शाळकरी पोरानं लावून दिला.

आराम कर, सगळे म्हणाले.
नणंदेनं पट्टा दिला, डेपोतल्या ओस्वाल्दोनं मलम.
आराम कुठल्या वेळात करायचा
ते मात्र कुणी सांगितलं नाही.

घरी आमारो, चार वर्षांचा,
दारातच दोन्ही हात वर करून.
मी म्हणायचे, तू आता मोठा झालास.
त्यानं ते खरं मानलं.
खाली पडलेलं सगळं तोच उचलू लागला,
चमचे, चिल्लर, माझे मोजे.
संध्याकाळी न सांगता
माझ्या बुटांच्या नाड्या सोडायचा,
गाठ आणखी घट्ट व्हायची,
मी काही बोलायचे नाही.

सरकारी दवाखान्यातला फिजिओ, बाल्तासार,
अजून मिसरूडही नीट न फुटलेला.
वाटलं, विचारेल कुठं दुखतं.
त्यानं विचारलं, भीती कशाची वाटते?
वाकायची, मी म्हटलं,
आणि मलाच माझा आवाज परका वाटला.
त्यानं बटाट्यांची पिशवी जमिनीवर ठेवली. दोन किलो.
पाठ म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबशा नव्हेत, म्हणाला,
वापरा.

मग शेगडी आणि टेबलाच्या मधली फरशी,
तेवढीच मोकळी जागा,
घेवडा शिजेपर्यंतचाच वेळ.
लहानपणी पाढे पाठ केले होते,
आता पाठच पाठ करायला घेतली.
गुडघे दुमडून, श्वास सोडून.
रफाएला मोठ्यानं आकडे म्हणायची,
सातावरून थेट दहावर जायची,
भूक लागलेली असायची तिला.
आमारो शेजारी आडवा पडून
माझ्यापेक्षा चांगलं करायचा.

दोन किलो बटाटे. पाच किलो कांदे.
ओल्या कपड्यांची बादली, गच्चीपर्यंत.
जूनमध्ये पुन्हा उसण भरली,
ओझ्यानं नाही, साध्या शिंकेनं.
दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले,
बाल्तासारला, त्याच्या कपबशांना शिव्या दिल्या.
तिसऱ्या दिवशी परत बटाटे.

दुखणं गेलं असं म्हणत नाही.
मंगळवारी जास्त असतं, का कोण जाणे.
पण आता ते गाडी चालवत नाही,
मागच्या सीटवर बसून कुरकुरतं,
आणि मी माझ्या थांब्यावर थांबते.

काल आमच्या जिन्याच्या तळाशी
मी हात पुढे केले.
आमारो म्हणाला, नको, मी मोठा आहे.
मग जरा वेळ बघत राहिला माझ्याकडे,
आणि तीन पायऱ्या वर चढून उभा राहिला,
मला वाकावं लागू नये म्हणून,
त्याचा गळा माझ्या गळ्याच्या उंचीवर.
हे तो कधी शिकला,
माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

खाली ये, मी म्हटलं.
अगदी खाली.
जमिनीवरून उचलते.