टाक्यातला शनी

चोवीस वर्षं जिनिंगात काट्यावर बसलो.
हिंगणघाटच्या रस्त्यानं गाड्या येत,
दोरांनी आवळलेल्या, हत्तीएवढ्या.
मी आकड्याकडे पाही, हत्तीकडे नाही.
कापूस दिसतो खूप, भरतो थोडा.
ढेपेचं पोतं त्याच्या पासंगाला नाही दिसायला,
पण उचलताना दोन हमालांचा दम निघतो.
एवढंच माझं शास्त्र.

परवा पोरगी, तेजस्विनी, सातवीतली,
सारवलेल्या अंगणात ग्रह मांडून बसली.
कोडापे मॅडमनी सांगितलं होतं,
घरात असेल तेच घ्या, विकत काही नको.
पृथ्वी म्हणून तिनं एक बोर निवडलं,
शुक्र दुसरं बोर, केसभर बारकं.
बुध तुरीचा दाणा.
युरेनस, नेपच्यून दोन संत्री,
नेपच्यूनवर डाग होता, तो तिनं खाली दाबला.
गुरूला भोपळा,
शनीला त्याहून लहान भोपळा
आणि त्याला कडं म्हणून आक्काची चुंबळ.
मंगळ घाट्यातून सोललेला हिरवा हरभरा.
सूर्य कुठं आहे, मी विचारलं.
"त्याले गोळा करून आणला ना बाबा,
तं आपल्या दारातून आत येत नाई तो."

मग ती माझ्या विषयावर आली.
"गुरूत अशी तेराशे बोरं मावतात,
पण काट्यावर वजन भरते तीनशे अठराचंच."
"म्हंजे कापूस हाये," मी म्हटलं.
"कापूस नाई, वारा हाये, दाबून भरलेला."
"आन सगळ्यात घट्ट कोन?"
तिनं बोर उचललं.
डबाभर पाणी जेवढं जड,
डबाभर पृथ्वी त्याच्या साडेपाचपट.
तुरीचा दाणा तिच्या पाठोपाठ, थोडक्यात हुकलेला.

"शनी?"
ती उठली, लहान भोपळा उचलला
आणि बैलांच्या टाक्यात सोडला.
तो बुडाला, वर आला, डुलत राहिला.
"खरा शनीबी असाच तरंगते बाबा,
फक्त टाकं तेवढं मोठं पाह्यजे."

माझी माय साडेसात वर्षं
दर शनिवारी रुईची पानं आणि तेल घेऊन जायची.
भारी ग्रह, म्हणायची, मानगुटीवर बसला की उठत नाही.
बैलानं भोपळ्याला नाक लावलं.
भोपळा गोल फिरून पलीकडच्या काठाला गेला.

आक्का उंबऱ्यात घाटे सोलत होती.
आठव्या घरातला मंगळ.
पुलगावचं स्थळ परत गेलं, वाशिमचं गेलं,
तिसऱ्यांनी चहासुद्धा घेतला नाही.
चौथं आलं तेव्हा तिनंच
केसांतला गजरा काढून खुंटीला अडकवला.
आता अठ्ठावन्न वर्षांची आहे.
आमच्या घरात मंगळवारलाही
आम्ही नुसतं "उद्या" किंवा "काल" म्हणतो.

"यातला मंगळ कोनता वं?" तिनं विचारलं.
मी पोरीकडे डोळे वटारले,
तिनं पाहिलं नाही.
हरभरा उचलून आत्याच्या तळहातावर ठेवला.
"हा. असे नऊ ठेवले
तरी एका बोराले कमीच पडतात."

आक्कानं हात जरासा वरखाली केला,
मी सरकीचा ओलावा अजमावतो तसा.
एकदा, पुन्हा एकदा.
टाक्यात भोपळा काठाला लागून थप थप वाजत होता.
मला वाटलं, फेकेल.
तिनं तो तोंडात टाकला
आणि पुढच्या दातांनी सावकाश चावला.
"कोवळा हाये," ती म्हणाली.

"आत्या! माह्या मंगळ!"

"घे वं दुसरा.
टोपलं भरून हायेत."