अडकलेला सूर

नामसोसच्या बंदरात, कॉड खारवायच्या शेडमध्ये
चौघं वाजवायची, बोटं कापलेले हातमोजे घालून.
प्रार्थनाघरातून मोडीत निघालेला ऑर्गन
ब्रिन्युल्फने ढकलगाडीवरून आणला;
त्याचा एक सूर कायमचा अडकलेला.
सुन्निव्हा म्हणाली, राहू दे,
याच्याभोवतीच रचू.

तेरा मात्रांवर कुणाला नाचता येईना.
पहिल्या मैफलीला एकोणीस माणसं,
दुसरीला सात,
त्यांतला एक फेरीबोट चुकलेला.

एकच रेकॉर्ड निघाली.
मग ऑडगेर समुद्रातल्या तेलविहिरीवर गेला.
ड्रम शाळेला दिले.

शेडमध्ये आता कॅफे आहे.
ब्रिन्युल्फ कोपऱ्यात बसतो, कॉफी निवू देतो.
फ्रिज घुमू लागला की मान वर करतो:
तोच.
बोटं टेबलावर मोजत जातात,
अकरा, बारा,
आणि पोरगी कप उचलायला येते.