छातीपासून खाली

एकतीस वर्षं शिरोड्याच्या पोस्टात
जाळीमागच्या खुर्चीवर बसून मी माणसं पाहिली,
सगळी छातीपर्यंत.
मनिऑर्डरवरचे अंगठे, आरडीची मळकी पुस्तकं,
कुणाच्या कानाची पाळी फाटलेली, हेही आठवतं.
पाय कुणाचेच आठवत नाहीत.

आता वेळागरच्या सुरूंखाली ईझल मांडते.
समुद्र बरा जमतो. वाळूही जमते:
मातकट पिवळ्यात किंचित जांभळा,
पाणी नुकतं सरलेल्या पट्ट्यात थोडं आभाळ.
माणूस आला की चित्र बिघडतं.

इनास मास्तर मागे उभे राहून विडी विझवतात.
"वेलणकरबाई, तुमची माणसं वाळूवर उभी नाहीत.
वाळूसमोर उभी आहेत,
फोटो स्टुडिओत पडद्यासमोर असतात तशी."
आणि सुरीनं खरवडून टाकतात
माझे सकाळचे दोन तास.

पलीकडे रापण ओढली जात असते.
दोन दोर, तीस-चाळीस माणसं,
एकेक पाऊल मागे, मागे, पुन्हा पुढे जाऊन धरायचं.
मी सर्वांत बारीक ब्रश घेऊन दोर काढत बसते.
"दोर नको. पाठी काढा.
पाठी नीट कलल्या, की दोर दिसतो."

वहीत लिहून घेतलं, पासबुकातल्याच अक्षरात:
आधी पातळ, मग तेलकट.
काळा रंग ट्यूबमध्येच राहू दे.
सावली पायाला शिवलेली हवी, शेजारी ठेवलेली नको.
हाताला हे कळेस्तोवर गणपती येऊन गेले.
घरात जवसाच्या तेलाचा वास,
हे विचारतात, आमटीत टर्पेंटाइन पडलं का?

मग एका सकाळी द्वारका केळुसकर,
रिकामी पाटी कमरेला, जाळं किनाऱ्याला लागायची वाट बघत.
मी ब्रश पुसला नाही.
वाळूचा उरलेला रंग, त्यातच लुगड्याचा तांबडा,
तीन फटकारे. चेहरा नाहीच.
टाच ओल्या वाळूचीच, एक छटा गडद.
आणि ती उभी राहिली,
म्हणजे तिचं वजन खाली उतरलं.

वाऱ्यानं चार कण वाळू ओल्या रंगात बसवली.
चिमट्यानं काढायला गेले,
तर मास्तरांनी नुसती मान हलवली.

द्वारका आली, पाटीत तारली, हात चकाकणारे.
"ही मी? तोंड खंय गेला माजा?"
मग वाकून, बराच वेळ,
"टाच मात्र माजीच आसा."
जाताना दोन तारली देऊन गेली, पैसे न घेता.

कपाटावर ठेवलंय चित्र, भिंतीकडे तोंड करून.
इथल्या खाऱ्या हवेत आठवडा झाला तरी ओलंच.
बोट लावू नका, सगळ्यांना बजावते,
आणि रात्री दिवा न लावता
मीच लावून बघते.